2023 चे माझे पाच आवडते व्हिडिओ गेम्स

मंडळी, 2023 ची यादी आता कशाला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पत्रकार मंडळींच्या याद्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच लागतात, कारण त्यांचा तो धंदा आहे. माझा धंदा गाड्यांचं सस्पेन्शन. डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, आठवड्याला खेळायला जेमतेम चार-पाच तास मिळतात, तेही भांडी डिशवॉशरमध्ये लावून झाल्यावर. त्यातून आपण जातिवंत मध्यमवर्गीय, सेल लागल्याशिवाय हात खिशात जात नाही. त्यामुळे एका वर्षाचे गेम्स संपवायला मला दीड वर्ष लागतं आणि त्यांच्याबद्दल मत बनायला आणखी एक. याचा एक फायदा असतो. त्या डिसेंबरात ज्याचा फार गवगवा होता असे निम्मे गेम्स आता आठवत पण नाहीत. जे उरले ते मुरले.

"या वयात व्हिडिओ गेम?" हा प्रश्न मला इथल्या प्रत्येक पॉटलकमध्ये विचारला जातो. विचारणारे काका स्वतः आठवड्याला बारा तास क्रिकेट आणि सहा तास मराठी मालिका बघतात, पण असो. माझा आजार जुना आहे. सांगलीत मी आठवीत असताना गल्लीत एकाच घरी 'टीव्ही गेम' होता. त्याला कॅसेटी लागत. कॅसेटीवर '9999999 इन 1' असं छापलेलं असे आणि आत निघत पाच-सहा: मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा एक, बंदुकीने बदकं मारायचा एक. कॅसेट चालली नाही की खालून फुंकर मारायची. ते यंत्र निन्टेन्डोच्या जपानी यंत्राची नक्कल होतं, हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं. फुंकर मात्र इथले लोक पण मारायचे, हे कळल्यावर फार बरं वाटलं.

यादी करताना मी प्रत्येक गेमला एकच प्रश्न विचारतो: बाबा रे, तू माझ्याकडून काय करवून घेतलंस? सिनेमा दाखवतो, पुस्तक सांगतं, गेम करायला लावतो. ग्राफिक्स कितीही भारी असोत, शंभर तास नुसतं बटण दाबून माणसं मारायला लावणार असेल तर त्यापेक्षा मी अंगणातला बर्फ उपसतो. निदान व्यायाम होतो.

तर उलट्या क्रमाने सुरू करू.

पाच: ककून

29 सप्टेंबर 2023 ला आलेला हा डॅनिश गेम. याचा कर्ता येप्पे कार्लसन. 'लिंबो' (2010) आणि 'इनसाइड' (2016) या दोन प्रसिद्ध गेम्सच्या कोड्यांची रचना त्याचीच. इथे तुम्ही एक छोटा किडा आहात. पाठीवर एक गोळा घेऊन चालायचं. त्या गोळ्याच्या आत एक अख्खं जग आहे. जमिनीतल्या ठराविक खाचेवर गोळा ठेवला की त्यात उडी मारून त्या जगात जायचं, आत आणखी गोळे, त्यांच्यात आणखी जगं. एक जग दुसऱ्यात ठेवायचं, ते तिसऱ्यात, आणि तिसरं पाठीवर घेऊन निघायचं. यशोदेने कृष्णाच्या तोंडात विश्व पाहिलं ते ठीक, पण त्या विश्वात पुन्हा यशोदा आणि कृष्ण बसलेत आणि आपल्याला दोघांची अदलाबदल करायची आहे, अशी कल्पना करा.

आमच्या क्षेत्रात याला रिकर्शन म्हणतात आणि इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ते शिकवताना मास्तर घामाघूम होतात. या गेममध्ये एक शब्द नाही. सूचना नाही, संवाद नाही. एक काडी आणि एक बटण. पाच-सहा तासांत संपतो. राक्षसाने पकडलं तरी तुम्ही मरत नाही, तो तुम्हाला उचलून त्या जगाबाहेर फेकून देतो, की पुन्हा आत जायचं. कोडं अवघड वाटतं, मग वाटतं की आपण फार हुशार आहोत. आपल्याला असं वाटावं याची सोय कोणीतरी किती बारकाईने करून ठेवली आहे, ते दुसऱ्यांदा खेळताना लक्षात येतं. यंत्राचं उत्तम डिझाइन असंच असतं, वापरणाऱ्याला ते दिसत नाही.

मग पाचवाच का? कारण तो खेळून झाल्यावर मला त्याच्याबद्दल कोणाशी बोलावंसं वाटलं नाही. बाकीच्या चारांचं तसं नाही.

चार: बाल्डर्स गेट 3

याला 7 डिसेंबर 2023 ला लॉस एंजेलिसच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम हा मान मिळाला. बेल्जियममधल्या घेंट शहरातल्या लेरियन स्टुडिओने ऑक्टोबर 2020 मध्ये तो अर्धाकच्चा विकायला काढला, लोकांकडून खेळवून घेतला, आणि 3 ऑगस्ट 2023 ला पूर्ण करून दिला. आधीचे दोन भाग 1998 आणि 2000 चे, दुसऱ्या कंपनीने केलेले. दुसरा भाग आम्ही चौघांनी हॉस्टेलच्या एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीने खेळला होता.

आता ते चौघे चार ठिकाणी. मी मिशिगनला, एक डॅलसला, एक लेस्टरला, एक पुण्यात. दर रविवारी माझे सकाळचे आठ, डॅलसचे सात, लेस्टरची दुपारची एक, पुण्याची संध्याकाळची साडेपाच. (29 ऑक्टोबरला इंग्लंडने घड्याळं मागे घेतली होती आणि अमेरिकेने अजून नाही, तेव्हा लेस्टरवाल्याकडे बाराच वाजले होते. "एवढ्या लवकर मारामारी नको" म्हणून तो त्या दिवशी नुसता मागे उभा राहिला.)

या गेममध्ये फासे आहेत. वीस बाजूंचा फासा. कुलूप उघडायचं, खोटं बोलायचं, पहारेकऱ्याचं मन वळवायचं, काहीही करायला फासा टाकायचा. एक पडला की तुम्ही कितीही मोठे विद्वान असा, फजिती ठरलेली. मंत्राने मेलेल्या माणसाशी बोलता येतं, पण प्रश्न फक्त पाच. कुत्र्याशी पण बोलता येतं. मेलेल्या मालकाजवळ बसून राहिलेला एक कुत्रा आहे, त्याला आम्ही सोबत घेतलं आणि त्या एका निर्णयावर चौघांचं एकमत होतं. बाकी कशावरही नाही. सुरुवातीलाच एका वनातले साधू आश्रयाला आलेल्या निर्वासितांना हाकलून दार कायमचं बंद करायला निघालेले असतात. त्यावर आमचा दीड तास वाद झाला. पुणेकर म्हणाला, "आपलं काम वैद्य शोधायचं, यांच्या भानगडीत पडायचं नाही." उरलेले तिघे व्हिसावर परदेशात गेलेले. आम्ही काय म्हणालो असू ते तुम्हीच ओळखा.

वैद्य कशासाठी, तर गोष्ट अशी की सगळ्या मुख्य पात्रांच्या डोक्यात एक किडा सोडलेला आहे. तो वेळेत काढला नाही तर माणसाचा राक्षस होणार.

गेम आला त्याच महिन्यात आमच्या डॅलसवाल्याची नोकरी गेली. तो अमेरिकेत उशिरा आलेला, एच-वन-बीवर, ग्रीनकार्डच्या रांगेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: नोकरी गेल्यापासून साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज दाखल केला पाहिजे, नाहीतर साधारणपणे गाशा गुंडाळायचा. दोन मुलं शाळेत, घराचं कर्ज. पहिल्या रविवारी तो येईल असं वाटलं नव्हतं. बरोबर सातला आला आणि म्हणाला, "माझ्या डोक्यातल्या किड्याला साठ दिवसांची मुदत आहे. चला, खेळू."

त्या काळात "काही झालं का?" असं त्याला कोणी विचारायचं नाही, हे आमच्यात न बोलता ठरलं. सगळी दुनिया तेच विचारत होती. रविवारचे तीन तास तो चोरांचा सरदार होता, दारं उघडत होता, भलत्याच वेळी जोक मारत होता. कधी मध्येच गप्प व्हायचा, तेव्हा आम्ही पण गप्प राहून खोके-पेट्या तपासत बसायचो. फोनवर चौघं मिळून पाच मिनिटं गप्प राहून बघा, जमत नाही. तिथे जमायचं, कारण हाताला काम होतं. चव्वेचाळिसाव्या दिवशी त्याला ऑफर आली आणि त्रेपन्नाव्या दिवशी नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाला. त्या रविवारी त्याने लागोपाठ दोनदा फाशावर एक टाकला आणि आम्ही त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

गंमत म्हणजे गेममध्ये सगळे सतत "घाई करा, घाई करा" म्हणतात, पण त्या किड्याला प्रत्यक्षात दिवसांची मुदत ठेवलेलीच नाही. एवढी माणुसकी खऱ्या नियमांत असती तर!

तीन: झेल्डा, टिअर्स ऑफ द किंगडम

12 मे 2023 ला हा आला आणि पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. चालायचा मात्र 2017 साली आलेल्या स्विच या यंत्रावर, जे ताकदीच्या बाबतीत तेव्हाही फारसं पहिलवान नव्हतं.

यातली मुख्य जादू म्हणजे डिंक. खरंच. तुमच्या उजव्या हातात अशी शक्ती येते की कुठलीही वस्तू उचलायची आणि दुसरीला चिकटवायची. फळी, चाक, पंखा, रॉकेट, तराफा, चूल. त्यातून पूल करा, गाडी करा, विमान करा. दोन पंखे आणि एक सुकाणूचा दांडा नीट कोनात चिकटवला की उडणारी मोटारसायकल होते. पंख्याचा कोन चुकला की ती गोल गोल फिरते. गुरुत्वमध्य मागे गेला की उलटते. माझ्या ऑफिसातल्या नव्या पोरांना मी हा गेम अभ्यासाला लावीन म्हणतो.

मार्च 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये निन्टेन्डोच्या लोकांनी याची गोष्ट सांगितली. त्यांनी ठरवलं की या जगातली हलणारी प्रत्येक वस्तू भौतिकशास्त्राच्या नियमानेच हलेल, अपवाद करायचा नाही. एरवी गेममध्ये दरवाजा उघडतो तो नुसता आधी ठरवून ठेवलेला देखावा असतो. मध्ये कोणी फळी अडकवेल हा विचारच नसतो. इथे लोक अडकवणारच. मग दरवाजाला वजन हवं, घर्षण हवं. ज्याने कोणी 'एकच छोटा अपवाद' प्रॉडक्शनमध्ये सोडून मग रात्री-अपरात्री फोन घेतले आहेत, त्याला या निर्णयाची किंमत कळेल.

सगळ्यात आवडता माणूस म्हणजे ॲडिसन. हा बिचारा जागोजागी आपल्या मालकाच्या जाहिरातीचा फलक धरून उभा असतो. हात सोडला की फलक पडतो. आपण बाजूच्या फळ्या-ओंडक्यांचा टेकू देऊन तो उभा करायचा. नुसतं स्टॅटिक्स, बलांचा समतोल. मी प्रत्येक फलक वेगळ्या पद्धतीने उभा करायचा नेम केला होता. सोळाव्या फलकाला बायको म्हणाली, "ऑफिसात हेच करतोस ना? मग घरी का?" याला उत्तर नाही.

आमची लेक तेव्हा बारा वर्षांची. या गेममध्ये पानांचे बुटके जीव असतात, त्यातल्या काहींच्या पाठीवर एवढं मोठं ओझं असतं की त्यांना चालवत नाही, आणि त्यांना त्यांच्या मित्रापर्यंत पोचवायचं असतं. मी एकासाठी चार चाकांची, बुटकी, रुंद गाडी केली, उतारावर उलटू नये म्हणून. वीस मिनिटं. लेकीने दुसऱ्या जीवाला सरळ रॉकेटला चिकटवलं. दहा सेकंद. पोचला. "बाबा, ही इज फाइन," म्हणाली. गेमने दोघांनाही सारखंच बक्षीस दिलं. 'तुझं उत्तर चूक, पुस्तकातलं उत्तर लिही' असं म्हणणाऱ्या व्यवस्थेतून आलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. पचल्यावर फार मोकळं वाटतं.

दोन: चांट्स ऑफ सेनार

फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या रंडिस्क नावाच्या छोट्याशा स्टुडिओचा गेम, 5 सप्टेंबर 2023. सेनार म्हणजे बायबलमध्ये बाबेलचा मनोरा जिथे बांधला तो शिनार प्रांत. एक प्रचंड मनोरा आहे, त्याच्या मजल्यांवर पाच समाज राहतात, प्रत्येकाची भाषा आणि लिपी वेगळी, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. तुम्ही झगा घातलेले एक अनोळखी प्रवासी. तुम्हाला यातली एकही भाषा येत नाही. एवढंच. हेच कोडं.

एक चिन्ह दारावर दिसतं. तेच चिन्ह तरफेजवळ दिसतं, शेजारी दुसरं एक. मग एक माणूस तुमच्याकडे बघून तिसरं काहीतरी म्हणतो. तुमच्याकडे एक वही असते. प्रत्येक चिन्हाखाली तुम्ही आपला अंदाज लिहून ठेवायचा: 'दार?' 'उघडणे?' 'मी?' अंदाज बरोबर की चूक हे कोणी सांगत नाही. बरेच शब्द गोळा झाले की वहीत तीन-चार चित्रं येतात. प्रत्येक चित्रासमोर योग्य ते चिन्ह ठेवायचं, आणि सगळीच्या सगळी बरोबर असतील तरच त्यांच्यावर शिक्कामोर्तब होतं. तोवर तुम्ही अंदाजाच्या काठीवरच चालत असता.

2002 साली मी पहिल्यांदा इथल्या किराणा दुकानाच्या काउंटरवर उभा होतो तेव्हा बाई म्हणाल्या, "पेप्रॉप्लॅस्टिक?" मला इंग्रजी येत होतं, जीआरई झालेली होती, पण तो एक अखंड आवाज होता. पुढचा माणूस काय म्हणतो ते पाहिलं, त्याला कागदाची पिशवी मिळाली, मग कळलं. मंडळी, हा गेम म्हणजे ते काउंटर आहे, आठ-दहा तास चालणारं. आणि विशेष म्हणजे त्यात अपमान वाटत नाही, मजा वाटते.

डिसेंबरच्या सुट्टीत लेक आणि मी हा मिळून खेळलो. तिने माझ्या आधी पकडलं की पहिल्या भाषेत अनेकवचन करायचं तर चिन्ह दोनदा काढायचं. माणूस-माणूस म्हणजे माणसं. मी तिला म्हटलं, अगं, आपण 'घरोघरी', 'जागोजागी' म्हणतो ना, त्याच जातीचं हे. तिने मान डोलावली. मग तिनेच दाखवलं की एका जातीच्या शब्दांच्या चिन्हांत एक भाग सारखा असतो, म्हणजे नवीन चिन्ह पाहिलं की निदान कुठल्या खोलीत शोधायचं ते कळतं. दुसऱ्या मजल्यावर गेल्यावर कळतं की तिथले योद्धे खालच्या भक्त मंडळींसाठी जो शब्द वापरतात त्याचा अर्थ 'अपवित्र' होतो. खालचे स्वतःला असं म्हणत नाहीत, अर्थातच. हे शब्दकोशातून कळत नाही, दोन्ही भाषा शिकलेल्यालाच कळतं.

पुढे पुढे तुमचं काम बदलतं. दोन मजल्यांवरचे लोक एकमेकांशी बोलू पाहतात आणि मध्ये तुम्ही दुभाषी. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या भाषेत लावून द्यायचं, त्यांच्या शब्दक्रमाने, त्यांच्या अनेकवचनाने. लागलं की दोघे बोलू लागतात. पहारेकऱ्यांपासून लपतछपत जायचे जे भाग मध्ये घातलेत ते कंटाळवाणे आहेत, ते नसते तरी चाललं असतं. पण दुभाषाचं काम संपल्यावर आम्ही दोघं सोफ्यावर उड्या मारत होतो.

एक: वेण्बा

31 जुलै 2023. टोरांटोच्या विसई गेम्सचा. किंमत 15 डॉलर, लांबी एक सिनेमा. पुढे 2024 मध्ये याला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सर्वोच्च पारितोषिक आणि पदार्पणासाठीचा बाफ्टा मिळाला.

वेण्बा हे तमिळ कवितेतल्या एका छंदाचं नाव आणि इथल्या नायिकेचं पण. 1980 च्या दशकाच्या शेवटी ती आणि तिचा नवरा पावलन तमिळनाडूतून कॅनडात येतात. त्यांना मुलगा होतो, कविन. तो मोठा होत जातो, आई तमिळमध्ये बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो. वेण्बाकडे तिच्या आईची पाककृतींची वही आहे, प्रवासात फाटलेली, डाग पडलेली, मधल्या ओळी गेलेल्या. त्या तुटक वहीवरून पदार्थ करायचा, हे आपलं काम. पहिलाच पदार्थ इडली. प्रत्येक प्रकरणात स्वयंपाकघरातल्या रेडिओवर त्या त्या काळच्या तमिळ चित्रपटसंगीताच्या धाटणीचं गाणं लागतं, खास या गेमसाठी केलेलं. तमिळ न कळता पण मला ती गाणी कुठल्या काळातली ते कळत होतं.

2024 च्या मे महिन्यात आई आमच्याकडे आली, सहा महिन्यांच्या बोलीवर. निवृत्त प्राथमिक शिक्षिका. एका शनिवारी दुपारी लेकीने आजीला सोफ्यावर मध्ये बसवलं आणि वेण्बा लावला. पडद्यावरचं इंग्रजी लेक मराठीत सांगत होती, जमेल तसं. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा लावायच्या म्हणजे सगळ्या इडल्यांना वाफ लागेल, हे पहिलं कोडं. वहीतली नेमकी ती ओळ गेलेली. मी विचार करतोय तोवर आई म्हणाली, "अरे, इडलीवर इडली नको आणू. खालच्या इडलीवर वरच्या ताटलीचं भोक आलं पाहिजे. आणि आधी पीठ फुगलंय का ते विचार त्या बाईला." आयुष्यात पहिल्यांदा आईने व्हिडिओ गेम जिंकला होता.

मग ती जोशात येऊन सांगायला लागली, तिच्या सासूची इडली कशी असायची, उकड्या तांदळाचं प्रमाण काय, सोडा घालणाऱ्यांना काय म्हणावं, नेहमीच्या वेगाने, सांगलीच्या हेलात. मी हसत होतो. लेक पडद्यावरच्या त्या फाटक्या पानाकडे बोट दाखवून अगदी सहज म्हणाली, "बाबा, तू आणि आजी फास्ट बोलता ना, तेव्हा मला असं ऐकू येतं. काही वर्ड्स आहेत, मग होल, मग काही वर्ड्स."

आई थांबली. "म्हणजे मी बोलते ते तुला कळत नाही, सोन्या?"

"कळतं ना आजी. मी होलमध्ये गेस करते."

कोणी रागावलं नाही, कोणी रडलं नाही. लेक तक्रार करत नव्हती, माहिती देत होती. बारा-तेरा वर्षं ती आमच्या घरात आमची भाषा अशी ऐकत आली होती, अंदाजाच्या काठीवर, आणि इतकं छान चालत होती की कोणाला पत्ता लागला नाही. आईने बराच वेळ त्या पानाकडे पाहिलं आणि मग विचारलं, "आता सांग, आत्ता मी जे बोलले त्यातलं काय काय गेलं?"

लेकीने पाच-सहा शब्द सांगितले. म्हणजे शब्द नाहीत, ते जिथे होते त्या जागा. "राइस कुठलातरी. मग वॉटरचं काहीतरी." आई म्हणाली, "उकडा. निथळणे."

त्यानंतरची कल्पना लेकीची. चांट्स ऑफ सेनारसारखी वही. एका पानावर आजीच्या बोलण्यातून पकडलेले शब्द, प्रत्येकासमोर तिने काढलेलं चित्र आणि पेन्सिलने लिहिलेला अंदाज. चार शब्द साठले की वही आजीकडे जायची. चारही बरोबर असतील तरच आजी लाल पेनने सही करणार, एक जरी चुकला तर कुठला ते सांगणार नाही. (निवृत्त झाली म्हणून काय झालं, शिक्षिका ती शिक्षिकाच.) 'निथळणे'साठी चाळणीचं चित्र. 'विळी' अप्रतिम, अगदी भीती वाटावी अशी. 'कढ' दोनदा चुकला, कारण तिला ते नुसतं उकळणं वाटत होतं. 'मुरणे'चं चित्र कसं काढायचं यावर तीन दिवस गेले. शेवटी एक बरणी, तिच्यामागे कॅलेंडर, आणि कॅलेंडरची पानं उडताहेत. आजीने सहीसोबत फुली नसलेला एक तारा पण दिला.

ती वही अकरा पानांवर थांबली. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली, मग व्हॉलीबॉल, ऑक्टोबरअखेर आई परत गेली. चव्वेचाळीस शब्द. लेक काही त्यातून अस्खलित मराठी बोलायला लागली नाही, अजूनही 'माझी डोकं दुखते' असंच म्हणते. पण एक फरक पडला. आता रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी बोलत असताना ती मध्येच हात वर करते आणि म्हणते, "आजी, होल." आणि आजी थांबते, मागे जाते, तो शब्द पुन्हा सांगते. आधी दोघींपैकी कोणी थांबत नसे. मी पण आता थांबतो.

वेण्बाचा शेवट मी सांगत नाही. आईने तो बघून एवढंच विचारलं, "हे करणारी मुलं कुठली?" टोरांटोची म्हटल्यावर म्हणाली, "त्यांच्या आयांनी पाहिलं असेल ना?" मला माहीत नाही, पण पाहिलं असावं.

थोडक्यात हुकलेले, आणि शेवटचं

न्यूझीलंडचा 'ड्रेज' यादीत यायचा राहिला, मासे धरता धरता घाबरवणारा. फिनलंडचा 'ॲलन वेक 2' भारी आहे पण रात्री एकट्याने खेळायची माझी छाती नाही. 'हाय-फाय रश'मध्ये सगळी मारामारी तालावर, सम चुकली की मार खा. तो बनवणारा जपानी स्टुडिओ मे 2024 मध्ये बंद करायचं जाहीर झालं आणि ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टनने तो उचलला. भारतातल्या पोरांना मोबाइलवर गोळ्या झाडायला लावणारी तीच क्राफ्टन. असं हे 2023. इतके चांगले गेम्स एका वर्षात क्वचितच आले असतील, आणि त्याच वर्षी ते बनवणाऱ्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. 1995 पासून चालत आलेलं ई-थ्री हे मोठं प्रदर्शन पण 12 डिसेंबर 2023 ला कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. त्यातले किती जण आमच्या डॅलसवाल्यासारखे दिवस मोजत होते कोणास ठाऊक.

हिशेब विचाराल तर पाचही गेम्सची छापील किंमत मिळून साधारण 190 डॉलर. मला सेलमध्ये बरेच कमी पडले, आकडा सांगत नाही, बायको पण हे वाचते.

आता 2024 ची यादी करायला घेतली आहे. पत्त्यांचा 'बलात्रो' त्यात नक्की, त्याने माझी झोप उडवली. पण मला हवा आहे आणखी एक असा गेम, जो आजी आणि नात शेजारी बसून खेळू शकतील आणि ज्यात आजीला एखादी गोष्ट नातीपेक्षा जास्त माहीत असेल. तुम्हाला असा कुठला ठाऊक असेल तर जरूर कळवा. आई पुढच्या उन्हाळ्यात परत येतेय, आणि वहीत पानं बरीच शिल्लक आहेत.